न केलेल्या गुन्ह्याची कबुली

१. हमखास येणारा प्रश्न

"गुन्हा केलाच नव्हता, तर कबूल कशाला केला?"

पोलीस तपास, खटले, शिक्षा यांच्याबद्दल कुठेही बोलणं निघालं की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारा दुष्ट नसतो. आपल्यावर असा आळ आला तर आपण शेवटपर्यंत नाहीच म्हणू, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. चार दणके बसल्यावर पाकीटमारी कबूल करणारा माणूस त्याला समजू शकतो. पण ज्या गुन्ह्याला फाशी आहे, तोही कुणी कबूल करतो?

करतो. एरवी धडधाकट आणि शहाणी असलेली माणसंही करतात. आपल्याकडे 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' हे वाक्य वर्षानुवर्षं छापून येतं आणि आपण ते सकाळच्या चहाबरोबर वाचून टाकतो. खाक्या दाखवला म्हणून कबुलीवर शंका घ्यावी, असं कुणाला वाटत नाही. तपास लागला, एवढंच समाधान उरतं.

या प्रकरणात आपण एकच कसोटी हाताशी धरणार आहोत. कबुलीजबाब समोर आला की विचारायचं: पोलिसांना आधी ठाऊक नसलेली कोणती गोष्ट या जबाबामुळे कळली, आणि ती नंतर तपासून खरी निघाली का? आरोपी रडला का, त्याने सही केली का, जबाब किती पानांचा आहे, हे सगळं या प्रश्नापुढे दुय्यम. कसोटी साधी दिसते, पण ती लावायला एका देशाला ५८ वर्षं लागली. तिथूनच सुरुवात करू.

२. मिसोची टाकी

जपानच्या शिझुओका प्रांतात शिमिझू नावाचं शहर होतं. तिथे मिसोचा एक कारखाना होता. मिसो म्हणजे सोयाबीन मीठ घालून कित्येक महिने आंबवून केलेला तपकिरी लगदा. जपानी घरात त्याचं सूप रोजचं. ३० जून १९६६ च्या पहाटे या कारखान्याच्या एका संचालकाचं घर जळालं. आत तो, त्याची बायको आणि दोन मुलं अशा चौघांचे भोसकलेले मृतदेह सापडले. संशय गेला इवाओ हाकामादा या तीस वर्षांच्या कामगारावर. तो कारखान्यातच राहायचा, आणि पूर्वी व्यावसायिक मुष्टियोद्धा होता. मारामारी करून पोट भरलेला माणूस, मग चाकूही चालवू शकेल, असा विचार झाला असावा. १८ ऑगस्टला त्याला अटक झाली.

पुढचे जवळजवळ तीन आठवडे त्याची रोज सरासरी बारा तास चौकशी चालली. काही दिवशी ती सोळा तासांच्याही पुढे गेली. चौकशीच्या खोलीत वकील नाही. त्या वेळच्या ध्वनिफिती कित्येक वर्षांनी पोलिसांच्याच साठ्यात सापडल्या. लघवीलाही बाहेर न सोडता खोलीतच भांडं आणून दिल्याचं त्यातून उघड झालं. ६ सप्टेंबरला हाकामादा 'कबूल' झाला.

त्याच्या नावावर एकूण ४५ जबाब तयार झाले. हा आकडा क्षणभर डोळ्यांपुढे ठेवा. ज्याने गुन्हा केला आहे आणि जो आता तो सांगायला तयार झाला आहे, त्याला ४५ वेळा कशाला सांगावं लागेल? आधी खुनाचं कारण प्रेमप्रकरण होतं, मग ते पैसे झालं. न्यायालयानेही ४५ पैकी ४४ जबाब बाजूला काढले. सरकारी वकिलापुढचा एक तेवढा ठेवला, आणि तो पुरला.

त्या जबाबात हाकामादाने पायजमा घालून खून केल्याचं म्हटलं होतं. पायजमा पोलिसांकडे आधीच जप्त होता. त्यावर रक्ताचे जेमतेम डाग होते, चौघांना भोसकल्यावर पडतील असे नव्हते. खटला चालू असताना, ३१ ऑगस्ट १९६७ ला, कारखान्याच्या मिसोच्या टाकीत रक्ताने माखलेले पाच कपडे सापडले. गुन्ह्यानंतर लगेच झालेल्या झडतीत तिथे काहीच मिळालं नव्हतं. फिर्यादी पक्षाने पायजमा सोडून दिला आणि आरोपीने हेच कपडे घातले होते असं म्हणायला सुरुवात केली.

आता आपली कसोटी लावा. पोलिसांना जे आधीच ठाऊक होतं, म्हणजे पायजमा, ते जबाबात आहे. जे ठाऊक नव्हतं, म्हणजे टाकीतले कपडे, त्याचा जबाबात मागमूस नाही. खुनी स्वतः बोलत असता तर हे नेमकं उलटं व्हायला हवं होतं. खटला इथेच मोडायला हवा होता. तसं झालं नाही. ११ सप्टेंबर १९६८ ला हाकामादाला फाशीची शिक्षा झाली.

टाकीतली पँट अपिलाच्या वेळी त्याला घालायला लावली. ती मांड्यांवरून वर सरकेना. उत्तर तयार होतं: कापड मिसोत आटलं आणि तुरुंगात याचं वजन वाढलं. पँटच्या पट्टीवरचं 'बी' हे अक्षर मापाचं असल्याचं सांगितलं गेलं होतं, पण ते रंगाचं निघालं. एक गोष्ट मात्र कुणालाही घरी करून पाहता येण्याजोगी होती. रक्त लागलेलं कापड वर्षभर मिसोत बुडवून ठेवलं तर डाग काळपट तपकिरी होतात. टाकीतून निघालेल्या कपड्यांवरचे डाग लालसर होते. हाकामादाच्या बाजूच्या लोकांनी हा प्रयोग खरोखर करून पाहिला, आणि पुढे तोच निर्णायक ठरला.

शिक्षा देणाऱ्या तीन न्यायाधीशांपैकी एक, नोरिमिची कुमामोतो, यांना आरोपी निर्दोष वाटत होता. बहुमत त्यांच्या विरोधात गेलं आणि निकालपत्र लिहिण्याचं काम त्यांच्याच वाट्याला आलं. पुढच्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला. आपलं मत मात्र त्यांनी जाहीर केलं ते २००७ मध्ये.

२०१४ मध्ये फेरखटल्याचा आदेश निघाला आणि हाकामादा सुटला. त्यानंतरही दहा वर्षं कज्जा चालूच राहिला. २६ सप्टेंबर २०२४ ला शिझुओकाच्या न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं आणि कबुलीजबाब, टाकीतले कपडे आणि त्या कपड्यांशी जुळणारा कापडाचा तुकडा या तिन्ही गोष्टी रचलेल्या असल्याचं नोंदवलं. हाकामादा तेव्हा ८८ वर्षांचा होता. रोज सकाळी आज फाशी होईल का या धास्तीत दशकं काढलेल्या माणसाचं मन केव्हाच ढासळलं होतं. तो न्यायालयात आलाच नाही. निकाल ऐकला तो त्याच्या ९१ वर्षांच्या बहिणीने, हिदेकोने. आयुष्यभर हा खटला तिनेच लढवला होता.

३. माणूस का मोडतो

मार हे उघड कारण आहे, त्यावर वेगळं काही सांगायला नको. पण हात न लावताही माणूस कबूल होतो, आणि ते समजून घ्यायला हवं. कोठडीतल्या माणसापुढे दोन भीती असतात. एक आत्ताची: झोप नाही, तेच तेच प्रश्न, ही खोली. दुसरी लांबची: खटला, शिक्षा. थकलेल्या माणसाला लांबचं दिसेनासं होतं. निर्दोष माणसाला तर आणखी एक आशा असते, की आत्ता सही करून सुटू, पुढे न्यायाधीशांना खरं सांगू, त्यांना कळेलच. म्हणजे निर्दोष असणं हेच त्याला सहीकडे ढकलतं.

सॉल कॅसिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. विद्यार्थ्यांना संगणकावर टंकलेखन करायला दिलं आणि बजावलं की एका विशिष्ट कळीला हात लावायचा नाही, नाहीतर सगळी माहिती जाईल. थोड्या वेळाने संगणक मुद्दाम बंद पाडला आणि 'तू ती कळ दाबलीस' असा आरोप केला. कुणीही ती दाबली नव्हती. तरी ६९ टक्के विद्यार्थ्यांनी लेखी कबुलीवर सही केली. २८ टक्क्यांना तर खरंच वाटायला लागलं की आपल्याच हातून ते झालं. खोटा साक्षीदार उभा केला की दोन्ही प्रमाणं आणखी वाढली. संगणक आणि खून यांत फरक आहेच. पण त्या विद्यार्थ्यांना कुणी वीस दिवस कोंडूनही ठेवलं नव्हतं.

आता जबाबात बारीकसारीक तपशील कुठून येतात ते पाहू. पुढचा संवाद काल्पनिक आहे. चाकू शाळेमागच्या विहिरीत सापडला आहे आणि चौकशी करणाऱ्याला ते माहीत आहे.

"चाकू कुठे टाकलास?"

"साहेब, मी नाही हो..."

"कुठे टाकलास ते विचारतोय."

"नदीत."

"मे महिन्यात नदीला पाणी असतं का रे?"

"नाही... विहिरीत."

"कुठल्या? गावात विहीर काय एकच आहे?"

"शाळेच्या... शाळेमागच्या."

"हां, आता कसं बोललास!"

जबाब लिहून होतो तेव्हा प्रश्न गळालेले असतात. कागदावर उरतं: 'मी सदर चाकू शाळेच्या पाठीमागील विहिरीत फेकून दिला.' वाचणाऱ्या न्यायाधीशाला वाटतं, हे खुनी असल्याशिवाय याला कसं ठाऊक असेल? आणि गंमत अशी की विचारणाऱ्या अधिकाऱ्यालाही आपण उत्तर पुरवल्याचं कित्येकदा कळलेलं नसतं. तो शपथेवर सांगतो की आरोपीने स्वतःहून सांगितलं, आणि त्याच्यापुरतं ते खरंही असतं.

एकदा कबुली कागदावर आली की बाकीचा पुरावाही तिच्याकडे झुकू लागतो. इतिएल ड्रॉर या संशोधकाने अनुभवी ठसेतज्ज्ञांना त्यांनी पूर्वी स्वतः तपासलेलेच ठसे पुन्हा दिले आणि काहींच्या बाबतीत सोबत सांगितलं की संशयिताने गुन्हा कबूल केला आहे. काही तज्ज्ञांनी स्वतःचाच जुना निष्कर्ष बदलला. बोटाच्या ठशाचं असं होत असेल, तर अंधारात कुणाला तरी ओझरतं पाहिलेल्या साक्षीदाराचं काय होणार, ते वेगळं सांगायला नको.

४. १८७२ सालची शंका

आपल्या कायद्याला हे सगळं फार पूर्वी कळलं होतं. मद्रास इलाख्यात चौकशीच्या नावाखाली होणाऱ्या छळाचा अहवाल १८५५ मध्ये सरकारपुढे आला. १८६१ च्या फौजदारी संहितेत आणि मग १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात नियम आला: पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरायची नाही. हेच ते प्रसिद्ध पंचविसावं कलम. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम २३ मध्ये आहे. पुरावा कायद्याचे शिल्पकार जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी पुढे नोंदवून ठेवलं आहे की छळामागचं कारण एका अनुभवी अधिकाऱ्याने त्यांना आळस असं सांगितलं होतं. उन्हातान्हात पुरावा धुंडाळण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट घालणं सोपं. दीडशे वर्षांत याहून नेमकं निदान फारसं कुणी केलेलं नाही.

मग कबुली द्यायचीच असेल तर? ती दंडाधिकाऱ्यांपुढे द्यायची. दंडाधिकाऱ्यांनी आरोपीला आधी समजावून सांगायचं, की तू कबुली द्यायला बांधील नाहीस, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. आणि तो नको म्हणाला तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवायचं नाही. ही शेवटची तरतूद ज्याने लिहिली त्याला कोठडी चांगली ठाऊक होती.

५. खास कायदे, खास दरवाजे

नियम असा भक्कम असताना दहशतवाद आणि संघटित गुन्हेगारीसाठी त्याला वेगळे दरवाजे पाडले गेले. १९८७ चा टाडा, २००२ चा पोटा आणि महाराष्ट्राचा १९९९ चा मोक्का. अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली या कायद्यांनी ग्राह्य धरली. वरचा अधिकारी असं करणार नाही, हा त्यामागचा विश्वास. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये करतारसिंग खटल्यात टाडाची ही तरतूद काही अटी घालून वैध ठरवली. टाडा आणि पोटा गेले, मोक्का आहे.

या दरवाजातून काय आत येतं त्याचं एक उदाहरण गुजरातचं. २००२ च्या अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या हल्लेखोरांच्या खिशांत पत्रं सापडल्याचं सांगितलं गेलं, आणि त्यांच्याशी आरोपींचा संबंध कबुलीजबाबांतून जोडला गेला. सर्वोच्च न्यायालयाने पाहिलं तर मृतदेहांच्या कपड्यांची गोळ्यांनी चाळण झालेली, ते रक्ताने भिजलेले, आणि पत्रं मात्र स्वच्छ, ना डाग ना भोक. १६ मे २०१४ ला सहाही आरोपी सुटले. त्यातल्या काहींना फाशीची शिक्षा झालेली होती.

दुसरं उदाहरण मुंबईचं. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत काही मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं गेली, आठशेच्या वर जखमी झाली. दहशतवादविरोधी पथकाने तेरा जणांना पकडलं. कित्येक आठवडे कुणी कबुली दिली नाही. सप्टेंबरअखेर मोक्का लागला, आणि ऑक्टोबरमध्ये कबुलीजबाबांची रांग लागली. एकूण अकरा. न्यायालयीन कोठडीत गेल्यावर आरोपींनी ते नाकारले आणि छळाच्या तक्रारी केल्या. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली, एकाला सोडलं.

२१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांनी बाराही जणांची शिक्षा रद्द केली. तोवर फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी एकाचा नागपूर तुरुंगात मृत्यू झाला होता. वेगवेगळ्या उपायुक्तांनी वेगवेगळ्या आरोपींचे घेतलेले जबाब खंडपीठाने शेजारी शेजारी ठेवून वाचले. अनेक उतारे एकसारखे निघाले. कोणत्याही शिक्षकाला विचारा: दोन उत्तरपत्रिकांत एकच बरोबर उत्तर असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही, पण वाक्यंच्या वाक्यं जुळली की त्याला पुढचं काही विचारावं लागत नाही. केईएम आणि भाभा रुग्णालयांतल्या नोंदीही छळाच्या तक्रारींशी सुसंगत असल्याचं न्यायालयाला दिसलं.

आपल्या कसोटीच्या दृष्टीने मला या निकालातली दुसरी एक गोष्ट जास्त बोलकी वाटते. अकरा कबुल्या हाती असूनही स्फोटांत कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले गेले, हे फिर्यादी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. बॉम्ब बनवल्याचं कबूल करणारी माणसं आहेत, पण बॉम्ब कसले ते नाही.

राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलैला त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. सुटलेल्यांना परत तुरुंगात जावं लागलं नाही. लोकलमधून घरी न पोहोचलेल्यांच्या कुटुंबांना मात्र एकोणीस वर्षांनी कळलं, की आपली माणसं कुणी मारली याचं सिद्ध झालेलं उत्तर आज कुणाकडेच नाही. खोट्या कबुलीवर समाधान मानलं की खऱ्याचा शोध त्याच दिवशी थांबतो. या बाजूबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

६. काढून दिलेला चाकू

आपली कसोटी कायद्यातही आहे, हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल. जुन्या कायद्याचं सत्ताविसावं कलम म्हणतं: पोलिसापुढच्या कबुलीतला जेवढा भाग एखाद्या नव्या गोष्टीच्या शोधापर्यंत नेतो, तेवढाच वापरा. ब्रिटिश काळात शेवटचं अपील जिथे चालायचं त्या प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टाया खटल्यात ही रेघ ओढून दाखवली. समजा, आरोपी म्हणाला, 'ज्याने मी अमक्याला भोसकलं तो चाकू मी छपरात लपवला आहे, काढून देतो.' चाकू निघाला. तर 'छपरात लपवला, काढून देतो' हे चालेल. 'ज्याने मी भोसकलं' हे चालणार नाही. चाकू सापडल्याने तो तिथे असल्याचं याला ठाऊक होतं, एवढंच कळतं.

तत्त्व अचूक आहे. व्यवहारात ते पंचनाम्यात अडकतं. आरोपी 'स्वखुशीने' निवेदन करतो, पोलीस आणि पंच गाडीत बसतात, आरोपी वाट दाखवतो, हत्यार निघतं. मजकूर इतका ठरीव असतो की नावं बदलली तर एका गुन्ह्याचा पंचनामा दुसऱ्याला चालावा. आणि पंच पुष्कळदा पोलीस ठाण्याच्या ओळखीतलेच असतात. चाकू तिथे आहे हे पोलिसांना आधीच माहीत होतं का, हे ठरवायला न्यायालयाकडे त्या कागदापलीकडे फारसं काही नसतं.

म्हणून चौकशीच्या खोलीत कॅमेरा हवा. विहिरीचा तो संवाद आठवा. प्रश्नांसकट ऐकायला मिळाला तर उत्तर कुणाचं होतं ते शेंबडं पोरही सांगेल. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीरसिंग सैनी खटल्यात प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आणि चित्रण दीड वर्षापर्यंत जपण्याचा आदेश दिला.

७. गेलेल्या दिवसांचा हिशेब

चुकीची शिक्षा रद्द झाल्यावर पुढे काय? जपानमध्ये भरपाईचा दिवसाला कमाल १२,५०० येन असा कायद्याने ठरलेला दर आहे. हाकामादाच्या बंदिवासाचे दिवस भरले १७,३८९. गुणाकार करा: २१ कोटी ७३ लाख ६२ हजार ५०० येन. मार्च २०२५ मध्ये एवढी रक्कम मंजूर झाली.

आपल्याकडे असा हक्क देणारा कायदा नाही. विधी आयोगाने २०१८ च्या आपल्या २७७ व्या अहवालात तो करावा अशी शिफारस केली आहे. तोवर एखाद्या न्यायालयाला वाटलं तर भरपाई मिळते. ५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना निर्दोष सोडलं. याच न्यायालयाने २००९ मध्ये त्या सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली होती. हा खटला कबुलीचा नव्हता. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंतून सुरुवातीला ओळखलेली माणसं वेगळीच होती, आणि त्यांचा तपासच झाला नाही. न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकाला ५ लाख रुपये द्यायला सांगितलं आणि चुकीचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांना शोधून कारवाई करण्याचा आदेश दिला. निकालात १६ वर्षांच्या तुरुंगवासाचा उल्लेख आहे. भागाकार केला तर दिवसाला साधारण ८५ रुपये होतात.